दिवाळीचं सगळं आक्का बघते

कवठे महांकाळजवळच्या आमच्या बेदाण्याच्या शेडवर ज्या जुन्या बायका कामाला होत्या, त्यांना माझ्या थोरल्या बहिणीबद्दल विचारलं तर त्या अजून एकच गोष्ट सांगतात. आक्कानं एका दिवाळीत विधवा बायकांना कुंकू न लावता भेट द्यायला लावली, चारचौघांत त्यांची शोभा केली. ही गोष्ट खरी नाही. ती खरी नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आक्का आता नाही. शेड मुलगा बघतो आणि मी सांगलीत त्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून असतो. बसून बसून माणूस थकतो हे मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. आता लिहायचं राहिलंय तेवढं लिहितो.

आक्काचं नाव हौसाबाई. तिला औंधला दिलं होतं. घरची उसाची जमीन, नवरा फौजेत. तो लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मी शेड टाकली त्यानंतर थोड्या दिवसांनी ती माझ्याकडं राहायला आली. अंगानं किरकोळ, आवाज मात्र शिवाराच्या पलीकडं जाणारा. कपाळावर कुंकू नव्हतं, पण लहानपणीचं हिरवं गोंदण होतं. सकाळी मिश्री लावून झाली की ती शेडच्या दारात उपड्या क्रेटवर येऊन बसायची. तिला मी कसलंच काम दिलं नव्हतं. तिनं ते स्वतःच घेतलं.

बायका गोल बसून बेदाणा निवडायच्या, काड्या आणि काळा माल बाजूला काढायच्या. आक्का क्रेटवरून बघायची. "पारू, फोन ठेव की गं आता. नवरा कुटं पळून चाललाय व्हय?" असं म्हणायची. पारूही कमी नव्हती. ती जतकडच्या धनगराच्या घरातली, उंच, हसली की खांद्यापर्यंत हलायची. "पळाला तर बरं हुईल आक्का, एक भाकरी कमी थापाय लागंल," म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या. आक्का हसायची नाही. पण नंतर संध्याकाळी घरी भाजी चिरताना एकटीच फुसकन हसलेली मी ऐकलेली आहे.

ती आली त्या पहिल्या दिवाळीला मी बायकांना बेदाण्याच्या पिशव्या दिल्या होत्या. पिशवीवर आमच्या कंपनीचं नाव छापलेलं. माल दोन नंबरचा होता, पण चांगला होता. मला वाटलं, झकास काम झालं. तिसऱ्या दिवशी आक्का जेवताना म्हणाली, "बाळू, एक इचारू? रात्रंदिस ज्यातल्या काड्या काढत्यात, तेच घरी न्यायला दिलंस. त्या बायास्नी वाटलं असंल, मालकानं गोदाम झाडलं."

"फुकट दिलंय आक्का, त्यात काय," मी म्हणालो.

"फुकट दिलंस म्हणूनच म्हंती. इकत दिलं असतंस तर तेस्नी न्हाई म्हणता आलं असतं."

पुढच्या वर्षापासून दिवाळीचं सगळं आक्का बघायला लागली. सांगलीला जाऊन ती स्टीलची भांडी घ्यायची. एका वर्षी कळशी, एका वर्षी परात, एका वर्षी झाकणाचा डबा. सगळ्यांना एकच भांडं, एकाच मापाचं, मग ती काल कामाला लागलेली पोरगी असो नाहीतर आमचा हिशेबनीस. दुकानदार म्हणायचा, "आक्का, कंपनीचं नाव घालून देतो, आम्ही सगळ्यांना घालून देतो." आक्का म्हणायची, "कंपनी काय त्यात पीठ मळणार हाय?" भांड्यावर बाईचं नाव घालायचं, नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, आमचं तर नाहीच. दुसऱ्याचं नाव घातलेल्या तांब्यातनं पाणी प्यायला लागलं की प्रत्येक घोटाला त्याची आठवण काढावी लागते, असं तिचं म्हणणं. हे तिला कुठल्या तांब्यानं शिकवलं ते तिनं कधी सांगितलं नाही.

नावं विचारायला ती महिनाभर आधी सुरुवात करायची. त्यात एक म्हातारी होती. तिला सगळे लक्ष्मीबाई म्हणायचे. आक्कानं विचारलं, "लक्ष्मी घालू न्हवं?" म्हातारी गप्प बसली. दुसऱ्या दिवशीही गप्प. मग तिसऱ्या दिवशी काम सुटताना आक्काच्या क्रेटजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लक्ष्मी सासरचं हाय. म्हायारी मला मल्लव्वा म्हणायची. घालता येईल का तसं?" आक्कानं तसं घालून आणलं. पुढं चार दिवस त्या म्हातारीच्या घरात भांडण चाललं होतं. सून म्हणत होती, ही मल्लव्वा कोण, दुसऱ्याचं भांडं चुकून आणलंसा, परत देऊन या. म्हातारी हे सांगताना तोंडाला पदर लावून हसत होती. त्यानंतर शेडवर तिला सगळ्या मल्लव्वाच म्हणायला लागल्या.

द्यायची पद्धतही तिची तिचीच होती. आमचा टेंपो रोज संध्याकाळी बायकांना गावोगावी सोडायचा. भांडी पोत्यात घालून टेंपोतच ठेवायची आणि ज्या वस्तीवर जी बाई उतरेल तिथं ड्रायव्हरनं तिचं भांडं हातात द्यायचं. "रांग लावून वाटत्यात त्याला रेशन म्हणत्यात," आक्का म्हणायची. आम्ही दोघांपैकी कुणी टेंपोबरोबर जायचं नाही. दुसऱ्या दिवशी कुणाला आवडलं का म्हणून विचारायचं नाही. मला ते जड जायचं. माणसाला वाटतंच, कुणीतरी बरं म्हणावं. एकदा मी एकीला विचारलंच, तर आक्का तिथल्या तिथं म्हणाली, "बाळू, तिकडं ट्रक आलाय बघ." ट्रक बिक काही आला नव्हता.

एकदा मात्र ती खरोखर चिडली. दिवाळीनंतर पारू फडक्यात बांधून हुलगे घेऊन आली. जतकडचे, बारीक, लालसर. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "मालक, माडगं करा." त्या साली तिकडं पाऊस नव्हता, गावात टँकरचं पाणी चालू होतं, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "अगं, कशाला आणलंस? घरी ठेव, पोरांना होतील." चांगल्या मनानं म्हणालो. पारू फडकं उचलून गेली. आक्कानं ते दारातून बघितलं होतं. घरी आल्यावर ती माझ्या बायकोसमोर म्हणाली, "सुमन, तुझ्या नवऱ्याला देवानं हात दिलेत, पर ते फकस्त द्यायचं काम करत्यात. घ्यायला आलं की लुळं पडत्यात."

"असं काय बोलता वन्सं," सुमन म्हणाली.

"तिनं डबा घेतला का न्हाई आपला? घेतला. मग तिचं हुलगं घ्यायला ह्याला काय झालं? आता ती पुढच्या खेपंला डबा घेताना मान खाली घालणार." दुसऱ्या दिवशी तिनं पारूकडून ते हुलगे मागून घेतले, शेडवरच चुलीवर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं केलं आणि पारूसमोर बसून दोन वाट्या प्यायली. "मीठ कमी घातलंसा," पारू म्हणाली. "तू घाल की मग," आक्का म्हणाली.

हे सगळं लोकांना दिसत नव्हतं असं नाही. सांगलीत व्यापाऱ्यांच्या बैठकीत कुणीतरी म्हणायचं, बाळासाहेबांची माणसं टिकतात, बाळासाहेबांना कामगार कसे सांभाळायचे ते कळतं. मी हसून मान डोलवायचो. आक्का घरी असायची, तिला तिथं कोण बोलावणार?

आता त्या दिवाळीचं सांगतो.

त्या वर्षी आमचा बराच माल सांगलीच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं घेतला होता. तो बाहेर पाठवायचा. माझ्या मनात आलं, त्याला सपत्नीक बोलवावं, शेडवर छोटा कार्यक्रम करावा, त्यांच्या हातून बायकांना भेट द्यावी. आक्का तेव्हा औंधला गेली होती, तिची जाऊ आजारी होती. ती असती तर कार्यक्रम झालाच नसता. हे मला कळत होतं आणि म्हणूनच मी तारीख तेव्हाची धरली, हेही खरं. नावं विचारायला वेळ नव्हता. डब्यांवर कंपनीचं नाव घालून आणलं. मांडव, स्टेज, खुर्च्या, माईक, फोटोवाला. सुमन म्हणाली, पाहुण्या बाईंच्या हातून द्यायचंय तर हळदीकुंकूही करू, ओटी भरू, शोभून दिसेल.

पूर्वी एकदा सुमननं हेच सुचवलं होतं, तेव्हा आक्का म्हणाली होती, "भेटीत कुंकू आणू नको." एवढंच. सुमनला राग आला होता. मला वाटलं होतं, आक्काला स्वतःचं लागतंय. ती स्वतः विधवा, म्हणून तिला ते नको वाटतं. तिच्या डोक्यात स्वतःचा नाही, दुसऱ्या कुणाचा विचार असेल, हे माझ्या मनात आलंच नाही. शेडवर पाच-सहा जणी तरी विधवा होत्या. पारूचा नवरा जाऊन तर वर्षही झालं नव्हतं.

कार्यक्रम चांगला चालला होता. नाव पुकारलं की बाई पदर सावरत वर यायची, व्यापाऱ्याची बायको कुंकू लावायची, ओटी भरायची, डबा द्यायची, फोटोवाला थांबा म्हणायचा. मग पारूचं नाव आलं. ती वर आली. व्यापाऱ्याच्या बायकोनं करंड्यात बोट बुडवलं, वर बघितलं आणि पारूचं मोकळं कपाळ बघून थांबली. बोट तसंच हवेत. बाई वाईट नव्हती, तिला काय करावं ते कळेना. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. तिनं बोट रुमालाला पुसलं आणि नुसता डबा पुढं केला. फोटोवाल्यानं त्याचाही फोटो काढला.

पारूनं डबा घेतला. पायऱ्या उतरून खाली आली, डबा स्टेजच्या कडेला ठेवला आणि मांडवातून चालत रस्त्याला लागली. तिनं मागं बघितलं नाही. पुढचं नाव पुकारलं. ती बाई उठली नाही. त्याच्या पुढची एक उठली, ती सवाष्ण होती. मग पुन्हा एक उठली नाही. माईकवरचा माणूस नाव दोनदा पुकारायचा आणि पुढं जायचा. ज्या बसून राहिल्या त्या सगळ्या कोण होत्या हे त्या दिवशी पाहुण्यांनाही कळलं.

सोमवारी मल्लव्वा माझ्या टेबलासमोर उभी राहिली. मागं आणखी तिघी-चौघी. ती म्हणाली, "मालक, आमी एवढी वर्सं घेतोय. कवा असं झालं न्हवतं. ह्यो नियम कुणी काढला?"

मी कागद चाळत होतो. वर न बघता म्हणालो, "दिवाळीचं सगळं आक्का बघते."

हे खोटं होतं असंही म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ते मला इतक्या सहज बोलता आलं. "आक्कांनी?" मल्लव्वा एवढंच म्हणाली. मग त्या गेल्या. दुपारपर्यंत शेडभर झालं. संध्याकाळी टेंपोतून गावागावात गेलं. स्वतः विधवा असून विधवांना असं केलं, हे लोकांना जास्त लागलं. मी ऐकत होतो आणि वाटत होतं, आठ दिवसांत विसरतील.

आक्का परत आली ती टेंपोनंच, स्टँडवरून. ड्रायव्हरनं तिला वाटेत सगळं सांगितलं होतं. घरी आल्यावर तिनं पाय धुतले, चहा घेतला आणि मला म्हणाली, "पारूकडं जायाचंय. गाडी काढ."

जत तालुक्यातली ती वस्ती. रस्ता संपला तिथं गाडी लावली. मेंढरं नुकतीच आत घातली होती. पारू दारात जोंधळे पाखडत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. आक्का तिच्या समोर जमिनीवर बसली. मी गाडीपाशी उभा राहिलो.

"आक्का, खरं सांगा," पारू म्हणाली. "तुमी सांगितलंसा तसं कराय?"

मला सगळं ऐकू येत होतं. आक्कानं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. ती म्हणाली, "डबा माझ्या घरातनं आला. तवा माझंच ते. माफी मागाय आलीय."

"तुमचं कपाळ तरी कसं हाय? माझ्यासारखंच न्हवं? तुमाला कळाय पायजे हुतं."

"व्हय. कळाय पायजे हुतं."

"मी कामाला यायची न्हाई आता."

"बरं," आक्का म्हणाली. जराशानं गुडघ्यावर हात टेकून उठली. पारूनं तिला हात दिला नाही. मी टायरकडं बघत उभा होतो.

परतताना मी म्हणालो, "आक्का, मी सांगितलं असतं..."

"गाडी बघून चालव."

घरी आल्यावर, सुमन आत गेल्यावर, ती म्हणाली, "त्या बायास्नी रोज सकाळी तुझ्या हाताखाली यायचं हाय. मालकाचा राग पोटात घेऊन दिवसभर मान घालून काम कराय लय जड जातं. माझा धरला तर धरू दे. मी काय त्यांची मालक न्हाई." मग म्हणाली, "पर मला आता त्या क्रेटवर बसता येणार न्हाई. बायकांच्या तोंडाकडं कसं बघू?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. आठवडाभरात तिनं सामान बांधलं. औंधला घर आहे, जावेला कुणीतरी पाहिजे, असं सगळ्यांना सांगितलं. मी तिला थांब म्हणालो, पण थांबवायला जे बोलायला पाहिजे होतं ते बोललो नाही. ते मल्लव्वाला बोलायचं होतं.

आक्का औंधला गेली आणि महिनाभरानं पारू कामावर आली. बायका म्हणाल्या, मालकांनी न्याय केला, सख्ख्या बहिणीला घालवलं. मला हे कळलं तेव्हाही मी काही बोललो नाही. उलट त्या वर्षी सगळ्या जास्तच मान द्यायला लागल्या. तो मान मी घेतला. नंतरच्या दिवाळ्यांना आम्ही पाकिटं दिली. आता मुलगा खात्यावर पैसे घालतो. कुणाची तक्रार नाही. कुणी हुलगे घेऊनही येत नाही.

आक्का वारल्यानंतर, तिचे दिवस झाल्यावर, मी शेडवर जाऊन पारूला सांगितलं. ती आता बायकांवर मुकादम आहे. केस पांढरे झालेत. मी म्हणालो, कुंकू नको म्हणून मान हलवली ती मी, आणि आक्काचं नाव सांगितलं तेही मी. ती हातातला बेदाणा चाळत राहिली. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही.

मग ती म्हणाली, "मी त्यास्नी एवढी वर्सं शिव्या दिल्या. त्या आता कुणाला दिऊ?"

"मला दे," मी म्हणालो.

"तुमास्नी दिऊन काय करू मालक? तुमी म्हातारं झालासा." बेदाणा बाजूला सारून म्हणाली, "मला सांगून भागत न्हाई. मल्लव्वा मेली. तिच्यासंगं आल्याली कुकटोळी गावची बाई मुंबईला गेली पोराकडं. ज्या ज्या बोलत हुत्या त्या समद्यास्नी कोण सांगणार?"

म्हणून हे लिहिलं. ज्या बायका वाचत नाहीत त्यांना कुणी वाचून दाखवावं. मी पारूकडं एक प्रत देणार आहे. ती वाचून घेईल, निदान तसं म्हणाली आहे.

आक्काला मी शेवटचं बघितलं ते औंधला, तिच्या जाण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. यमाईचं दर्शन करून तिच्याकडं गेलो होतो. सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो, तसा त्याच्या आधीही ठरवून गेलो होतो. जेवण झालं. ती अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांपाशी आली, मी निघालो म्हणून. आवाज बारीक झाला होता. डोक्यावर पदर, उन्हानं डोळे बारीक केलेले.

"पारू येती का कामावर?" तिनं विचारलं.

"येते."

"बरी हाय?"

"बरी आहे. थोरला चिकटलाय कुठंतरी कामाला."

ती मिरच्यांकडं बघत म्हणाली, "माझ्याबद्दल काय बोलती का कवा?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही. मग ती खाली वाकली आणि एकेक मिरची उलटी करायला लागली. मी गाडी सुरू केली, वळवली, रस्त्याला लागलो. आरशात ती वाकलेलीच दिसत होती.